व्यक्तिमत्त्व चाचणीचा कागद कोणाच्या हाती असावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरातील एका सामाजिक संस्थेत मी क्षेत्र कार्यकर्त्यांची कोच म्हणून काम करते. आमचे काम कापूस पिकवणाऱ्या कास्तकारांबरोबर आणि महिलांच्या बचत गटांबरोबर चालते. दिवाळीनंतर संस्थेने बाहेरच्या एका सल्लागाराला बोलावून सर्व कार्यकर्त्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. प्रश्नावली इंग्रजीत होती. सल्लागाराचा सहकारी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेला आणि सर्वांनी एकाच खोलीत बसून खुणा केल्या. प्रत्येकाला स्वभावाचा चार अक्षरांचा एक प्रकार (उदाहरणार्थ, ISTJ) मिळाला आणि बहुतेकांना आपले वर्णन तंतोतंत पटले. मात्र कोलाम समाजातील एका कार्यकर्तीच्या अहवालात ती अंतर्मुख असून नेतृत्वाच्या भूमिकेस कमी अनुकूल आहे, असे लिहून आले. तालुक्याच्या बैठकीत ती क्वचितच बोलते हे खरे आहे, पण पोडावरची, म्हणजे कोलाम वस्तीवरची, बैठक तिच्याशिवाय होत नाही. आता संस्थाप्रमुखांनी सगळे अहवाल मागवले आहेत, कारण पेरणीपूर्वी दोन समन्वयक नेमायचे आहेत. ती कार्यकर्ती मला म्हणाली, "ताई, कागदावरच तसं आलं, तं मी कायले राहू?" कोचिंगमध्ये अशा चाचण्या वापराव्यात की नाही, आणि आता मी नेमके काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. संस्थाप्रमुखांच्या हाती अहवाल देण्यापूर्वी त्यांच्याशी समोरासमोर बसून बोला, आणि समन्वयकांची निवड या अहवालांवरून होऊ नये, ही भूमिका स्पष्टपणे आणि शक्य असल्यास लेखी मांडा. कार्यकर्त्यांनी त्या दिवशी खुणा केल्या, त्या स्वतःला ओळखण्यासाठी आणि तुमच्याबरोबरच्या कामासाठी आहेत असे समजून केल्या. त्याच खुणांवरून आता त्यांच्या पदाचा निर्णय होणार असेल, तर तो त्यांच्या विश्वासाचा भंग ठरेल. पुढच्या वेळी तुम्ही त्यांना "मोकळेपणाने सांगा" असे म्हणाल, तेव्हा कोणीही मोकळेपणाने सांगणार नाही, आणि मग तुमच्या कामाला आधारच उरणार नाही.

प्रमुखांना हे तुमचे एकटीचे मत वाटू नये म्हणून थोडी पार्श्वभूमी सोबत ठेवा. चार अक्षरांच्या प्रकारांची ही पद्धत मायर्स-ब्रिग्ज चाचणीतून आली. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ मधील विवेचनाच्या आधारे ती घडवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांचा हेतू माणसांनी एकमेकांमधील फरक समजून घ्यावेत असा होता, आणि कामावर घेण्यासाठी किंवा जबाबदाऱ्या ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे तिच्या प्रवर्तक संस्थाच सांगत आल्या आहेत. तुमच्याकडे घेतलेली चाचणी मूळची असो किंवा बाजारात मिळणारी तिच्या धर्तीवरची एखादी असो, मूळ चाचणीलाच जो अधिकार तिचे प्रवर्तक देत नाहीत, तो तिच्या नकलेला देण्याचे काही कारण नाही.

या पद्धतीची खरी अडचण तिच्या रचनेतच आहे. माणसांचे स्वभाव मोजले, तर बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. अगदी बोलकी आणि अगदी अबोल माणसे थोडीच निघतात. चार अक्षरांची चाचणी मात्र मधोमध रेघ मारून सर्वांना दोन रकान्यांत वाटते, म्हणजे गावातल्या सगळ्या माणसांना एका ठरावीक उंचीवर रेघ मारून 'उंच' आणि 'बुटके' एवढेच म्हणावे तसे. रेघेच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या दोघांत जेमतेम एका खुणेचा फरक असतो, पण अहवालात ती दोन वेगळ्या स्वभावांची माणसे ठरतात. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये या चाचणीवरील अभ्यासांचा आढावा घेताना नोंदवले, की अवघ्या पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला आढळतो. दोन समन्वयकांची नेमणूक काही वर्षांसाठी करायची आणि तिचा आधार पुढच्या महिन्यात बदलू शकेल असा घ्यायचा, हे संस्थेच्याही हिताचे नाही.

"पण सगळ्यांना आपले वर्णन पटले," असे प्रमुख नक्की म्हणतील. त्यावर मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांचा १९४८ मधील प्रयोग त्यांना सांगा. फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी वर्णनाच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता आणि तो राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. वर्णन पटणे आणि वर्णन खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या कार्यकर्त्यांना भोळे ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. कोणीतरी बाहेरून येऊन आपल्याविषयी दोन पाने लिहिली, आपल्याकडे एवढे लक्ष दिले, याचा आनंद माणसाला होतोच, आणि वर्षानुवर्षे गावोगाव फिरून काम करणाऱ्या माणसांच्या वाट्याला असे लक्ष फारसे येत नाही. त्यांच्या या आनंदाची कदर ठेवूनच पुढचे बोलणे करा.

आता त्या दिवशी खोलीत जे घडले त्याकडे येते, कारण मला सर्वांत गंभीर गोष्ट तीच वाटते. एखादी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याची रीतसर पद्धत असते. आधी भाषांतर करतात, मग मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते उलट मूळ भाषेत आणून ताडून पाहतात, मग ज्या लोकांसाठी ती वापरायची त्यांच्यातील काही जणांवर ती तपासतात, आणि त्यानंतरच तिचे गुण कोणत्या पट्टीने वाचायचे ते ठरवतात. तुमच्याकडे एका माणसाने उभ्या उभ्या प्रश्न मराठीत सांगितले. कोणत्या प्रश्नाला त्याने उदाहरण जोडले, कोणता प्रश्न सौम्य केला, कोणता घाईने उरकला, याची नोंद कुठेही नाही. म्हणजे ज्या चाचणीचा तो अहवाल आहे, ती चाचणी काटेकोरपणे पाहिल्यास घेतलीच गेलेली नाही.

आणि हा प्रश्न केवळ तुमच्या सल्लागाराच्या घाईचा नाही. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या २३ देशांतील माहिती एकत्र करून राशिद लाजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले, की व्यक्तिमत्त्वाचे नेहमीचे प्रश्न समोरासमोर बसून विचारले जातात, तेव्हा ते बहुतेक ठिकाणी जे मोजायचे ते मोजतच नाहीत. विचारणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देत जाण्याची प्रवृत्ती हे त्याचे एक कारण. शहरातून आलेला, शर्ट खोचलेला, संस्थेने बोलावलेला माणूस समोर उभा राहून एखादे वाक्य सांगतो आणि "पटते की नाही?" असे विचारतो, तेव्हा "नाही पटत" म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते, हे मी तुम्हाला सांगायला नको. बोलिव्हियातील त्सिमाने या शिकार आणि शेतीवर जगणाऱ्या समाजाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याविषयीचा मोकळेपणा हे जगभर ग्राह्य मानले गेलेले पाच स्वभावगुणांचे व्यक्तिमत्त्वाचे प्रारूपच त्या समाजात नीटसे आढळले नाही. ज्या शहरी, शिकलेल्या समाजांत ही मापे घडली, त्यांच्या जगण्याची छाप मापांवर असते.

प्रश्न कसे असतात ते पाहिले, की ही छाप लगेच ध्यानात येते. समारंभात मी अनेक वेगवेगळ्या लोकांशी बोलते, या आशयाचे विधान बहिर्मुखता मोजण्यासाठी सर्रास वापरले जाते. सासरच्या लग्नात डोक्यावर पदर घेऊन वाढपाचे काम करणारी सून या विधानापुढे "नाही" अशी खूण करील. ती खूण तिच्या स्वभावाची मानायची, की त्या मांडवातल्या रीतीची? मला वारंवार चिंता वाटते, असे दुसरे एक विधान असते. मृग कोरडा गेला, टोबलेले बियाणे करपले, दुबार पेरणीसाठी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न घरात उभा आहे, अशा आठवड्यात या विधानाला "हो" म्हणणारा कार्यकर्ता भावनिकदृष्ट्या अस्थिर नसतो. तो आपल्या घरची परिस्थिती नीट ओळखणारा माणूस असतो. तुमचे बहुतेक कार्यकर्ते स्वतःही कास्तकार आहेत किंवा कास्तकाराच्या घरचे आहेत. पेरणीच्या, बोंडअळीच्या आणि वेचणीच्या दिवसांत घेतलेली उत्तरे आणि उन्हाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत घेतलेली उत्तरे सारखी येतील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

त्या कार्यकर्तीविषयी लिहिताना मला तुमच्याच पत्रातील एका वाक्याचा आधार घ्यावासा वाटतो. ती तालुक्याच्या बैठकीत क्वचित बोलते आणि पोडावरची बैठक तिच्याशिवाय होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. या एका वाक्यात त्या अहवालापेक्षा अधिक माहिती आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ पासून असे मांडले, की माणसाचे वागणे प्रसंगानुसार बदलते. पुढे युईची शोडा यांच्याबरोबर केलेल्या कामात त्यांनी दाखवले, की हा बदल वाटेल तसा नसतो, तर प्रत्येक माणसाचा 'असे असेल तर असे' हा एक ठरलेला साचा असतो, आणि खरे व्यक्तिमत्त्व त्या साच्यात शोधावे लागते. कोच म्हणून तुमच्या कामाला याहून उपयोगी विचार मला माहीत नाही. पोडावर कोलामीत बोलायचे असेल, समोर ओळखीच्या बाया असतील आणि विषय त्यांच्या रानाचा असेल, तर ती बोलते. तालुक्याला शुद्ध मराठीत बोलायचे असेल, समोर अधिकारी असतील आणि बोलण्यातली चूक सर्वांसमोर काढली जाण्याची शक्यता असेल, तर ती गप्प राहते. कोलामी ही द्रविड कुळातली, मराठीपासून अगदी वेगळी भाषा आहे. जी बाई दुसऱ्या भाषेत विचार करून, मनात वाक्य जुळवून, मग बोलते, तिचे बैठकीतले मौन 'अंतर्मुख' या शब्दात बसवून मोकळे होणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ही गोष्ट प्रमुखांना सांगताना तुम्ही मुळीच संकोच करू नये.

ती खरोखरच शांत स्वभावाची असेल, हेही शक्य आहे. तसे असले तरी शांत माणूस समन्वयक होऊ शकत नाही, हा निष्कर्ष कुठून आला? समन्वयकाला आठवड्याच्या नोंदी तपासाव्या लागतात, कामगंध सापळ्यात (किडीचे पतंग वासाने ओढून पकडणाऱ्या सापळ्यात) किती पतंग आले याचा आकडा खरा की अंदाजे लिहिलेला हे ओळखावे लागते, दोन गटांतला वाद ऐकून घ्यावा लागतो, आणि रुसलेल्या कास्तकाराच्या घरी पुन्हा जावे लागते. यातील किती कामांना मोठ्या आवाजाची गरज आहे, हे प्रमुखांनीच सांगावे.

तिच्याशी बोलायला पोडावर जा, कार्यालयात बोलावू नका. अहवाल सोबत न्या आणि तो तिच्या हातात द्या. तिला मराठी वाचण्यात अडचण येत असेल, तर तिच्या विश्वासातील एखाद्या व्यक्तीला तिच्या संमतीने सोबत बसवा. मग एकेक वाक्य घेऊन विचारा : हे कुठे खरे आहे आणि कुठे खोटे? कधी असे झाले आणि कधी याच्या उलट झाले? मागच्या वर्षात जी बैठक तुझ्यामुळे पार पडली, तिच्यात तू काय केलेस? तिने सांगितलेले प्रसंग तिच्याच शब्दांत लिहून घ्या. राजीनाम्याविषयी तिला एवढेच सांगा, की समन्वयकाची निवड होईपर्यंत निर्णय करू नकोस. तिला नेतृत्व करायचेच नसेल, तर तो तिचा अधिकार आहे. पण तो निर्णय तिने आपल्या कामाकडे पाहून करावा, कागदाकडे पाहून करू नये. या बोलण्याला एका भेटीपेक्षा जास्त वेळ लागेल, आणि तो द्यावा असे मी आग्रहाने सांगते.

तिच्या मनावर जे झाले त्याला अभ्यासाचाही आधार आहे. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाविषयीच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्रित विचार केला. अभिप्रायाने काम सरासरीने सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट बिघडते, असे त्यांना आढळले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की अभिप्राय माणसाचे लक्ष कामावरून काढून 'मी कसा आहे' या प्रश्नाकडे जितके वळवतो, तितका तो निष्फळ ठरतो. "तुझ्या नोंदवहीत मागच्या तीन आठवड्यांची तारीख नाही" हे ऐकून माणूस तारीख लिहू लागतो. "तू नेतृत्वास अनुकूल नाहीस" हे ऐकून करण्यासारखे त्याच्या हाती काहीच राहत नाही.

चाचणीऐवजी सरपंच, गटातल्या बाया आणि सहकारी यांच्याकडून गुप्त अभिप्राय मागवावा, अशी सूचना कदाचित पुढे येईल. मोठ्या कंपन्यांत ही रीत चालते. वीस-पंचवीस घरांच्या पोडावर अभिप्राय देणारी माणसे तिघे-चौघेच असतात आणि कोण काय म्हणाले ते संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. तेथे गुप्ततेचे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

मग समन्वयक निवडायचे कसे? कामावरून. इच्छुकांना प्रत्यक्ष कामाचा एक नमुना द्या : दोन गावांच्या नोंदी तपासून चुका शोधणे, बियाण्याच्या वाटपावरून झालेल्या वादात दोन्ही बाजू ऐकून तोडगा सुचवणे, एक बैठक चालवणे. बैठक ज्या भाषेत त्या गावात चालते त्याच भाषेत चालू द्या. त्याशिवाय सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारणारी आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत घ्या. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडीच्या पद्धतींचा जो फेरआढावा घेतला, त्यात अशी रचनाबद्ध मुलाखत पुढील कामाचा अंदाज देण्यात सर्वांत वर ठरली. हे सर्व दोन दिवसांत होते आणि त्याला सल्लागाराचे शुल्क लागत नाही.

अहवाल कोणाचे, या प्रश्नावर संस्था, कार्यकर्ता आणि तुम्ही अशा तिघांमध्ये लेखी समजूत व्हायला हवी. ती चाचणीच्या आधी झाली असती तर उत्तम झाले असते, पण आताही उशीर झालेला नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोच मंडळींच्या संघटनेच्या आचारसंहितेतही गोपनीयतेचा आणि पैसे देणाऱ्या संस्थेला कोणती माहिती मिळेल हे आधी ठरवण्याचा आग्रह आहे. समजुतीत तीन गोष्टी असाव्यात असे मला वाटते : अहवाल कार्यकर्त्याच्या मालकीचा राहील, संस्थेला कोचिंग किती वेळा झाले आणि कोणत्या कौशल्यांवर काम चालू आहे एवढेच कळेल, आणि त्यापलीकडचे काहीही कार्यकर्त्याने स्वतः सांगितले तरच पुढे जाईल. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संमत झाला असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागताना ती सोप्या भाषेत मागावी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, कोलामी नाही. म्हणून तुमच्या भागात तोंडी, समजेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी कागदावर सोपवता येणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. कोचिंगमध्ये चाचण्या वापरू नयेत, असे माझे म्हणणे नाही. स्वतःविषयी बोलायची सवय नसलेल्या माणसाला एखादे विधान बोलायला निमित्त देते, आणि "मला हे पटत नाही, कारण..." असे तो म्हणू लागला की तिथून कोचिंग सुरू होते. प्रकार ठरवणाऱ्या चाचण्यांपेक्षा वर सांगितलेले पाच स्वभावगुण पट्टीवर मोजणाऱ्या चाचण्या संशोधनाच्या दृष्टीने अधिक भक्कम आहेत. त्यांतील कर्तव्यदक्षता या गुणाचा कामगिरीशी संबंध बॅरिक आणि माउंट यांना १९९१ मध्ये सर्व प्रकारच्या व्यवसायांत आढळला. तो संबंधही साधारण ०.२ एवढ्याच सहसंबंधाचा (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) आहे, म्हणजे मोठ्या समूहात दिसणारा, पण एका माणसाविषयी निकाल देण्यास अगदी अपुरा. लुईस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेला अशा विधानांचा एक मोठा संग्रह सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. त्यातील दहा-बारा विधाने निवडून, आपल्या भागात ती समजतात का हे चार जणांना विचारून, गुण न मोजता केवळ गप्पांसाठी वापरली, तरी तुमचे काम होईल. पेरणी आणि वेचणीचे दिवस मात्र टाळा.

सल्लागाराचा दुसरा टप्पा ठरलेला असल्यास त्याला पैसे देण्यापूर्वी प्रमुखांनी त्याच्याकडून लेखी उत्तरे मागावीत : या चाचणीची तपासलेली मराठी आवृत्ती आहे का, ती कोणत्या लोकांवर तपासली, काही आठवड्यांनी पुन्हा घेतल्यास निकाल किती जुळतो, आणि नेमणुकीसाठी ती वापरण्यास चाचणीच्या प्रकाशकाची परवानगी आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले, किंवा कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आलेच नाही, तर तो टप्पा रद्द करावा, सल्लागाराकडे राहिलेल्या अहवालांच्या प्रती नष्ट केल्याचे लिहून घ्यावे, आणि वाचलेल्या पैशांतून तुम्हाला महिन्यातून एकदा प्रत्येक कार्यकर्त्याबरोबर त्याच्या गावात दिवसभर राहता येईल एवढा प्रवासखर्च मंजूर करून घ्यावा.